वहाणेचा बंद

मंडईच्या दिवसांत तीस वर्षं मी सरदार झालो.
तलवार पत्र्याची, मूठ सागाची,
उपसताना आवाज व्हावा म्हणून
म्यानात सायकलच्या चाकाची तार बसवलेली.
खर्रकन ओढली की
मागे पेंगणारी माणसंसुद्धा उठून बसायची.
तलवार काढत नाही तो सरदार कसला,
असं आमचे तालीममास्तर म्हणत.

परवा शाळेच्या व्हरांड्यात
लांजेवार गुरुजींनी स्वतःचं धोतर ताणून बांधलं
आणि त्यावर जपान उजाडला.

खाली इंग्रजी अक्षरं पळत होती.
गुरुजींची प्रणोती ती वाचून सांगे, आपल्या बोलीत :
"तो म्हणते, पानी गरम हाय, पाय धुवा."
"ते म्हणते, तुमाले आज उशीर झाला."
एवढंच बोलत होते ते लोक.
एवढ्यासाठी एवढ्या लांबून आलेले.

एक उतारवयाचा सामुराई.
काम काय, तर गावच्या घंटेची दोरी ओढायची,
दिवसातून सहा वेळा.
घंटेनंच त्याचे कान नेलेले.
घरात विधवा सून.
ती भाताची वाटी पुढे करते
आणि तो दोन्ही हातांनी घेतो,
रोज, पहिल्यांदाच मिळाल्यासारखी.
कुंता माझ्याकडे बघत नव्हती.
पण मला कळलं.

त्यांच्या परसात एक झाड, नारिंगी फळांनी लगडलेलं.
"टेंबरं होत बापा," मागून सरूबाई ओरडली,
"लय मोठाले टेंबरं!"
आणि मग ते गाव सगळ्यांच्याच ओळखीचं निघालं.
बांधीतलं पाणी, धुऱ्यावरचा बगळा,
ओळीनं वाकलेल्या बायांच्या पाठी.
रोवणा तोच.

मग तो पोरगा आला.
बापाचा सूड घ्यायला, तीन डोंगर ओलांडून.
कमरेला दोन तलवारी, ओठावर मिसरूड नाही.
मी सरसावून बसलो.
इथे आमच्याकडे पेटी चढते,
इथे मी उजवा पाय आदळून
"अरे अधमा"पासून सुरू करायचो.

म्हाताऱ्यानं त्याच्या पायांकडे पाहिलं.
वहाणेचा बंद तुटला होता.
"तो म्हणते," प्रणोती हळूच बोलली, "बस."
आणि म्हातारा तणसाची दोरी वळायला लागला.
दोरी वळायला जेवढा वेळ लागतो
तेवढा वेळ सिनेमात दोरीच वळली.
पेटी नाही, तबला नाही.
प्रणोतीही थांबली, वाचायला काही नव्हतंच.
आमच्याच गावचं एक कुत्रं भुंकलं
ते तिकडेच भुंकल्यासारखं वाटलं.

पुढे लढाई झाली की नाही
यावर पानठेल्यावर अजून भांडण आहे.
दोघं झाडामागे गेले.
आपल्याला दिसली फांदी.
एक फळ पडलं.
बऱ्याच वेळानं घंटा वाजली,
कोण वाजवतंय ते दाखवलं नाही.
सून चुलीपुढून उठली, दोन वाट्या काढल्या,
जरा थांबली,
तिसरी काढली.

डाकराम म्हणतो, फसवलं राजेहो,
दोन घंटे बसवलं न् एक मुंडकं उडलं नाही.
मी काही बोललो नाही.
मी किती उडवली असतील, नागभीडपासून वडशापर्यंत,
टाळ्या घेऊन.
समोरचा पडायचा, परदा पडायचा,
तो उठून बिडी मागायचा.
पण त्याच्या पायात काय आहे
हे मी एकदाही खाली वाकून पाहिलं नाही.

घरी आलो. कुंतानं पेज वाढली.
मी वाटी दोन्ही हातांनी घेतली.
ती बघत राहिली.
"का झालं जी? हात दुखते का?"
म्हटलं, नाही, वाटी गरम आहे.

सकाळची पेज होती.